कायमचा वास कोठें?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमचे एक जुने स्नेही सायंकाळीं एक लिफाफा घेऊन आमच्याकडे आले. त्यांत त्यांचें व त्यांच्या पत्नीचें अशीं दोन ग्रीन कार्डें होतीं. कार्डांची मुदत संपावयास सुमारें ४ वर्षें अवकाश होता. परंतु अमेरिकेंतील मुलाच्या घरून परत येऊन उभयतांस १३ महिने लोटले होते. वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया, पाठोपाठ त्यांच्या वृद्ध मातोश्रींचें दुखणें, असा मुक्काम लांबत गेला होता. "मास्तर, कार्डावर तारीख तर स्पष्ट आहे, मग मुलगा एवढा घाबरा कां झाला?" असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही कांहीं कायदेपंडित नाहीं. तथापि नियम छापलेले असतात व ते वाचतां येतात, एवढ्या भरंवशावर आम्हीं त्यांच्यासह तो विषय आठपंधरा दिवस चाळला. असे लिफाफे आज आपल्यांतील पुष्कळ घरांच्या कपाटांत असतात, म्हणून त्या वाचनाचें सार येथें देत आहों.

प्रथम त्या तारखेविषयीं. अमेरिकेचा कायदा ज्यास कायम रहिवासी म्हणतो, त्याचा हक्क निराळा आणि कार्ड निराळें. कार्ड हा त्या हक्काचा केवळ दाखला होय. तो सामान्यतः १० वर्षांचा असतो. दाखल्याची मुदत संपली म्हणून हक्क बुडत नाहीं, त्याचप्रमाणें मुदत शिल्लक आहे म्हणून हक्क टिकतोच असेंही नाहीं. देशाबाहेर सलग १ वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहिलें असतां तें कार्ड पुनःप्रवेशाचा कागद म्हणून चालत नाहीं. मुलाच्या घाबरण्याचें कारण हें होतें.

दुसरा समज याहून अधिक पसरलेला आहे. दर सहा महिन्यांच्या आंत एकदां जाऊन आलें कीं हक्क अबाधित राहतो, असें लोक परस्परांस खात्रीनें सांगतात. या समजाचें मूळ कायद्यांतील १८० दिवसांच्या कलमांत आहे. सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या मनुष्यास परत येतांना नव्यानें प्रवेश मागणारा मानून त्याची तपासणी करतां येते. परंतु त्याच्या आंत परतलेल्यानें कधींही हक्क गमावलेला नसतो, असें तें कलम म्हणत नाहीं. तेथील आप्रवासविषयक अपील मंडळाचा १९७५ सालचा एक निर्णय या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगा आहे. जमैकाची एक स्त्री वर्षांतील अकरा महिने जमैकांत राहून प्रवाशांस खोल्या भाड्यानें देण्याचा व्यवसाय करी, आणि सुमारें एक महिना अमेरिकेंत येऊन जाई. कार्ड जपण्याची तिची इच्छा खरी होती. पण तिचें घर जमैकांत होतें. मंडळानें तिचा हक्क संपला असें ठरविलें. हक्क टिकावा अशी इच्छा असणें वेगळें, आणि तेथें राहण्याची बुद्धि असणें वेगळें, हें त्या निर्णयाचें तात्पर्य.

म्हणजे कायदा दिवस मोजतो खरा, परंतु दिवस मोजून थांबत नाहीं. बाहेर जाण्याचें कारण कोणतें होतें, तें कारण संपण्याची वेळ ठरलेली होती काय, घर, नोकरी व जवळचीं माणसें कोठें आहेत, कर कोठें व कोणत्या नात्यानें भरला, या गोष्टी तो एकत्र पाहतो. आम्हां संस्कृत शिकलेल्या मनुष्यास ही विचारसरणी परकी वाटली नाहीं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत प्रवासास गेलेल्या पतीची वाट किती वर्षें पाहावी तें सांगितलें आहे. धर्मकार्यासाठीं गेलेल्याची ८, विद्येसाठीं किंवा यशासाठीं गेलेल्याची ६, आणि केवळ कामापायीं गेलेल्याची ३. तो नियम आज कोणी पाळावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अनुपस्थितीची लांबी तिच्या हेतूवरून तोलावी, ही कल्पना मनुष्यजातीस पुष्कळ जुनी आहे, एवढें त्यावरून दिसतें.

आतां उपायांकडे वळूं. ज्याचें घर खरोखर अमेरिकेंत आहे आणि ज्यास आईबापांच्या सेवेसाठीं, शिक्षणासाठीं किंवा नोकरीनिमित्त दीर्घकाळ बाहेर राहणें भाग आहे, त्यानें निघण्यापूर्वीं पुनःप्रवेशाचा परवाना मागावा. त्याचा अर्ज आय-१३१ या क्रमांकाचा असून तो अमेरिकेंत असतांनाच करावा लागतो. बोटांचे ठसेही तेथेंच देऊन निघावें हें बरें. हा परवाना अधिकांत अधिक २ वर्षांचा मिळतो व त्याची मुदत वाढवितां येत नाहीं. पुनः हवा असल्यास परत जाऊन नवा अर्ज करावा लागतो. गेल्या ५ वर्षांपैकीं ४ हून अधिक वर्षें जो बाहेर होता, त्यास सामान्यतः १ च वर्षाचा देतात. परवाना हातीं असला म्हणजे केवळ लांबलेल्या मुक्कामावरून हक्क सोडला असें धरीत नाहींत. इतर प्रश्न मात्र विचारतां येतात.

परवाना न घेतां वर्ष उलटलें, तर अमेरिकन वकिलातींत परतणाऱ्या रहिवाशाच्या व्हिसाचा अर्ज करण्याची वाट आहे. त्यास एसबी-१ असें नांव आहे. निघतांना परतण्याचा हेतु होता, आणि मुक्काम लांबला तो स्वतःच्या हातीं नसलेल्या कारणांनीं, हें तेथें कागदोपत्रीं दाखवावें लागतें. हिंदुस्थानांतील नियमित आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक २३ मार्च २०२० पासून २७ मार्च २०२२ पर्यंत बंद होती. त्या काळीं पुष्कळ वृद्ध दांपत्यें इकडेच अडकलीं. परंतु मे २०२० पासून विशेष विमानें सुरू झालेलीं असल्यामुळें, विमान नव्हतें एवढेंच उत्तर सर्वत्र पुरणारें नव्हतें. रुग्णालयाचीं पत्रें, रद्द झालेलीं तिकिटें, अशी कागदांची तजवीज ज्यांनीं ठेवली, त्यांचें म्हणणें मांडणें सोपें गेलें.

विमानतळावर अधिकाऱ्यानें आय-४०७ हा हक्कत्यागाचा कागद पुढें केला, तर गोंधळून सही करूं नये. ती सही ऐच्छिक आहे. न करणारास आप्रवासाच्या न्यायाधीशापुढें आपली बाजू मांडतां येते, आणि हक्क सोडला हें सबळ पुराव्यानें सिद्ध करण्याचा भार तेथें सरकारवर असतो.

आणखी दोन गोष्टी घरोघर विसरल्या जातात. एक नागरिकत्वाची. त्यासाठीं सामान्यतः ५ वर्षें अखंड वास्तव्य व त्यांपैकीं ३० महिने प्रत्यक्ष उपस्थिति लागते. ६ महिन्यांहून अधिक अनुपस्थितीनें तें वास्तव्य खंडित झालें असें गृहीत धरतात, आणि १ वर्षाच्या अनुपस्थितीनें तें खंडितच होतें. पुनःप्रवेशाच्या परवान्यानें यांत सवलत मिळत नाहीं. दुसरी कराची. कार्ड धारण करणारा मनुष्य साऱ्या जगांतील उत्पन्नाबद्दल अमेरिकेच्या करकायद्याखालीं येतो. येथील पेन्शन व ठेवींचें व्याज तेथील विवरणपत्रांत दाखवावें लागतें. परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षांत केव्हांही १०,००० डॉलरांवर गेली, तर तिचें निराळें निवेदन करावें लागतें. कर वांचावा म्हणून स्वतःस अनिवासी म्हणवून घेतल्यास, तेंच लिहिणें पुढें हक्क सोडल्याचा पुरावा म्हणून समोर येण्याचा संभव असतो.

इतकें वाचून झाल्यावर आमच्या स्नेह्यांनीं एसबी-१ च्या अर्जाचा मसुदा करावयास घेतला. कारणें खरीं होतीं आणि शस्त्रक्रियेचे कागदही होते. परंतु अमेरिकेंतील घराचा पत्ता लिहितांना त्यांची लेखणी अडली. सहा वर्षांत ते दर वर्षीं पांच महिने तिकडे राहत आणि सात महिने येथें. घर येथें, पेन्शन येथें, वहिनींचें भजनी मंडळ येथें. तिकडे मुलाच्या घरीं एक खोली व दोन पेट्या.

वहिनी जवळच शेंगा सोलीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तिकडे निघालों कीं आपण 'मुलाकडे जातों' म्हणतों, आणि इकडे उतरलों कीं 'घरीं आलों' म्हणतों. त्या साहेबानें विचारलें तर मी दुसरें काय सांगणार?"

स्नेही बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. कार्डासाठीं मुलानें किती खटपट केली होती, हें ते जाणून होते. शिवाय पुढें उभयतांपैकीं एकटें कोणी उरलें तर त्यास मुलाजवळ जातां यावें, ही चिंताही त्या कार्डांमागें होती. ती चिंता खोटी नव्हती. पण मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे, आणि वयाचीं २१ वर्षें पुरी झालेल्या नागरिकास आईबापांसाठीं पुनः अर्ज करतां येतो. त्या अर्जांना वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. तो दरवाजा बंद होत नव्हता. गेल्या १५ वर्षांपैकीं ८ वर्षें कार्ड धारण करणारांस तें सोडतांना करांचे निराळे नियम लागूं शकतात. यांस सहाच झालीं असल्यामुळें तीही अडचण नव्हती.

दिवाळीपूर्वीं दोघांनीं आय-४०७ भरून कार्डांसह पाठविले. आतां नातवाच्या मुंजीस जाण्यासाठीं पाहुण्यांच्या व्हिसाचा अर्ज केला आहे. तो देणें न देणें अधिकाऱ्याच्या विचारावर आहे, पण त्यांत लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे.

सर्वांनीं असेंच करावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्यांचा संसार तिकडे आहे त्यांनीं परवाना घ्यावा, कागद जपावे, आणि प्रसंग पडल्यास जाणत्या वकिलाच्या साह्यानें हक्कासाठीं भांडावें. मात्र आपलें घर कोणतें, हा प्रश्न विमानतळावरील अधिकाऱ्यानें प्रथम विचारावा आणि आपण तेथें प्रथम विचारांत पडावें, असें होऊं देऊं नये. पेटी भरण्यापूर्वीं नवराबायकोंनीं तो एकमेकांस विचारून घ्यावा.