भागाकारांत घातांकांची वजाबाकी

गोंदिया जिल्हा धानाचा. तेथील घरांत माप म्हणजे काय हें मुलांस निराळें शिकवावें लागत नाहीं. तरीहि त्याच घरांतील चलाख मुलगे-मुली बीजगणिताच्या भागाकाराशीं येऊन अडखळतात, आणि हा विषय आपल्याकरितां नव्हेच असें ठरवून मोकळे होतात. आमच्या मतें दोष बुद्धीचा नसून, अर्थ न सांगतां घोकविलेल्या नियमाचा आहे.

घातांक म्हणजे एकच संख्या गुणाकारांत किती वेळां आली याची मोजदाद. 'क'चा पांचवा घात म्हणजे क पांच वेळां. त्यास क-वर्गानें भागलें कीं वरचे दोन क खालच्या दोहोंबरोबर निघून जातात व तीन उरतात. भागाकारांत वजाबाकी शिरली ती अशी. सहगुणक मात्र भागावयाचे असतात. क-पंचघाताची बारापट क-वर्गाच्या चौपटीनें भागली तर क-घनाची तिप्पट येते; बारांतून चार वजा करून आठपट लिहिणारे विद्यार्थी थोडे नाहींत!

आमच्या जुन्या गणितज्ञांनीं ही मोजदाद नांवांतच गोंविली होती. वर्ग व घन यांचा गुणाकार तो 'वर्गघनघात', म्हणजे पांचवा घात; घनाचा वर्ग तो 'घनवर्ग', म्हणजे सहावा. पहिल्यांत दोन आणि तीन मिळवावयाचे, दुसऱ्यांत गुणावयाचे. 'घात' या एका शब्दानें केवढा फरक दाखविला आहे, पहा! ब्रह्मगुप्ताचीं 'पंचगत', 'षड्गत' हीं नांवें त्याहून सुटसुटीत. अक्षराच्या डोक्यावर लहानसा अंक लिहिण्याची आजची रीत फ्रान्सच्या देकार्त याच्या १६३७ सालच्या ग्रंथामुळें रूढ झाली.

खरी फसगत पुढें आहे. क-पंचघाताची बारापट, अधिक क-घनाची आठपट, उणे क-वर्गाची चौपट, या त्रिपदीस क-वर्गाच्या चौपटीनें भागा. प्रत्येक पदास वेगळें भागावयाचें. पहिल्या पदाचें उत्तर क-घनाची तिप्पट, दुसऱ्याचें क-ची दुप्पट. तिसरें पद व भाजक यांचा आंकडा सारखाच. तेव्हां 'सगळें कटलें, कांहीं उरलें नाहीं' असें म्हणून मूल तें पद सोडून देतें.

अशा वेळीं त्यास कोठीजवळ न्यावें. एका कोठींतील धान तेवढ्याच मापाच्या कोठ्यांत ओतलें, तर किती कोठ्या भरतील? एक. शून्य म्हणणारें मूल आम्हांस अद्याप भेटलें नाहीं. दोनांतून दोन गेले, घातांक शून्य झाला. पण शून्य घाताचें मोल एक आहे, आणि म्हणून तिसरें पद उणे एक. मात्र क स्वतः शून्य असतां कामा नये. रिकाम्या मापानें धान मोजणार कसें? शून्यानें भागलेल्या राशीस भास्कराचार्यांनीं 'खहर' असें वेगळेंच नांव दिलें आहे.

खालचा घातांक मोठा असेल तर उरलेले क छेदांत राहतात, एवढेंच.

आतां पडताळा. क म्हणजे २ धरा. त्रिपदी ३८४ अधिक ६४ उणे १६, म्हणजे ४३२, भाजक १६, भागाकार २७. आपलें उत्तर २४ अधिक ४ उणे १, तेंहि २७. शेवटचें पद गाळणाऱ्याच्या पाटीवर २८ येतील.