बाद झालेलं पोर मैदानात राहू द्या



उसाची उगवण विरळ झाली की आपण नांग्या भरतो. जिथे जोमदार फुटवे आहेत तिथेच पुन्हा खत ओतीत बसत नाही. हे शहाणपण आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. शाळेच्या मैदानावर मात्र पुष्कळ ठिकाणी याच्या अगदी उलट चालते. या अंकात त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

खेळाचा तास घ्या. चाळीस पोरं, एक शिट्टी आणि लंगडीचा डाव. अंगाने जड, पायाने मंद असलेलं पोर पहिल्या मिनिटाला बाद होतं आणि कडुनिंबाखाली जाऊन बसतं. चपळ पोरगा शेवटपर्यंत पळतो. म्हणजे ज्याला पळण्याची गरज जास्त त्याच्या वाट्याला बसणं, आणि ज्याला ती कमी त्याच्या वाट्याला पळणं! असं वर्षभर झालं की 'आपल्याला खेळ येत नाही' हे त्या पोराच्या मनात पक्कं बसतं. पुढे ते मैदानाकडे फिरकतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. 'खेड्यातली पोरं, त्यांना व्यायाम कशाला?' असे म्हणण्याचे दिवस गेले. शाळेला जाताना गाडी, आल्यावर शिकवणी, रात्री मोबाईल. शेतात जाणं सुट्टीपुरतं. तेव्हा शाळेतला खेळाचा तास ही चैन नव्हे, गरज होय.

यावर उपाय आपल्याच मातीत आहे. जुन्या हुतूतूचे तीन प्रकार होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी परत उठतो; आजची कबड्डी याच वळणाची. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. आणि अमर प्रकारात गडी बाद झाला तरी बाहेर जात नाही. समोरच्या संघाला गुण मिळतो, गडी मैदानातच खेळत राहतो. शाळेच्या तासाला हा अमर नियमच लावावा, असे आमचे सांगणे आहे.

लंगडीत बाद झालेल्याने बसू नये. गुण मोजावा आणि डाव चालू ठेवावा. विषामृताच्या खेळात तर हे आधीपासूनच आहे. विष दिलेला गडी जागीच थांबतो आणि सवंगड्याने अमृत दिलं की पुन्हा पळतो. चाळीस पोरांची एक लगोरी लावण्यापेक्षा चार ठिकाणी चार लगोऱ्या लावाव्यात. खापऱ्या आणि चिंध्यांचा चेंडू, एवढंच सामान लागतं. रांगेत उभं राहणं कमी, हातात चेंडू येणं जास्त.

खेळातून अंग कसं घडतं तेही पाहण्याजोगे आहे. लंगडीने तोल आणि पोटऱ्या, लगोरीने नेम आणि खांदा, खो-खोने झटकन उठणं व अंग चोरणं, कबड्डीने दम आणि पकडीचं बळ. शंभर बैठका काढायला लावल्या तर पोरं कंटाळतात. खो-खोच्या डावांत न सांगता पुष्कळ उठबस होते!

इंग्लंडमध्येही शिक्षकांना हाच अनुभव आला. लफबरो येथील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ साली मांडले की, आधी नुसत्या हालचाली घोटून घेतल्या तर त्या कधी वापरायच्या हे मुलांना कळत नाही. म्हणून आधी त्यांना झेपेल असा छोटा खेळ द्यावा, खेळताना अडलं की तेवढंच कसब शिकवावं. आपल्या भाषेत सांगायचे तर, पोहणं पाण्यात शिकवावं, काठावर नव्हे.

कोणी म्हणेल, अशाने स्पर्धेचे संघ कसे तयार व्हायचे? स्पर्धेत स्पर्धेचेच नियम पाळावेत, निवडक मुलांचा सराव सकाळ-संध्याकाळ जरूर घ्यावा. पण शाळेचा तास सगळ्यांचा आहे. शिवाय मैदानात जास्त पोरं टिकली तर निवडीलाही जास्त पोरं मिळतील. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी ती जिंकली आणि दोघांचेही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. आपल्या गल्लीतला खेळ कुठवर जातो पाहा.

आठवी-नववीला आल्या की मुलींचं खेळणं घरातूनच बंद होतं, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. 'आता मोठी झाली' म्हणून तिला मैदानातून उठवणं म्हणजे तिला बाद करणंच होय. आणि इथे बाद करणारे आपणच असतो.

तेव्हा सभासद पालकांना विनंती की, पुढच्या पालक सभेला जाल तेव्हा गुणांबरोबर दोन प्रश्न आणखी विचारावेत. खेळाचा तास खरोखर होतो का, की गणिताला दिला जातो? आणि त्या तासाला आमचं पोर किती वेळ पळतं, किती वेळ बसतं? मैदानात खडे असतील तर एक रविवार चार जणांनी मिळून वेचावेत, फक्कीने रेघा आखून द्याव्यात. याला ना ठराव लागतो, ना निधी.