गुलाबाचा शत्रू ओले पान

परळ-भोईवाड्यातल्या चाळीची गॅलरी असो की इमारतीची गच्ची, चार-पाच कुंड्यांत गुलाब लावण्याची हौस अनेकांना असते. पावसाळा लागला की मात्र खालच्या पानांवर काळे ठिपके दिसू लागतात. ठिपक्याच्या कडा झालरीसारख्या असतात. भोवतीचे पान पिवळे पडते आणि गळते. बघता बघता झाडाच्या नुसत्या काड्या उरतात आणि शेजारच्या कुंडीचीही तीच गत होते.

हा रोग ‘डिप्लोकार्पोन रोझी’ या बुरशीमुळे होतो. तो माणसांना होत नाही, पण गुलाबांत झपाट्याने पसरतो. बुरशीचे बीजाणू मुख्यतः पाण्याच्या शिंतोड्यांतून एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात. पान सलग सात-आठ तास ओले राहिले की ते रुजतात आणि तीन ते दहा दिवसांत ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांतून पुन्हा नवे बीजाणू तयार होतात. पान वाळायला उसंतच न देणारा मुंबईचा पाऊस या बुरशीच्या पथ्यावर पडतो.

म्हणून पहिला उपाय फवारणी नव्हे, तर पान कोरडे ठेवणे. पाणी सकाळी आणि थेट मातीत घालावे. कुंड्यांत हवा खेळेल इतके अंतर ठेवावे. पागोळ्यांखालून त्या हलवाव्यात. मातीवर नारळाच्या शेंड्यांचा थर दिला तर शिंतोडे उडत नाहीत. डागाळलेली आणि गळलेली पाने रोज वेचून पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावीत, खताच्या डब्यात नव्हे. बुरशी त्यांवर तग धरते. कात्री स्पिरिटने पुसावी. दादरच्या बाजारातून आणलेले नवे रोप दोन आठवडे वेगळे ठेवावे.

एवढे करूनही रोग वाढला, तर मॅन्कोझेबसारखे बुरशीनाशक लेबलवरील प्रमाणातच वापरावे. ते निरोगी पानाचे रक्षण करते. पडलेला ठिपका पुसत नाही. चाळीत गॅलरी सामाईक असते. तिथे पाण्याची पिंपे, वाळत घातलेले कपडे आणि खेळणारी मुले असतात. त्यामुळे कुंडी मोकळ्या जागी नेऊन, हातमोजे आणि मास्क घालूनच फवारावे. फवारलेल्या झाडाच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नये.

पाने गळालेले झाड मेले असे समजून लगेच उपटू नका. खोड हिरवे असेल, तर पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये रोगट फांद्या छाटा. नवी पालवी फुटेल. मग तिला कोरडी ठेवा.