जिथे झेडपीची शाळाच नाही

२०१४ च्या फेब्रुवारीत डब्लिनहून भाचीचा फोन आला. शाळेचं फाटक स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं म्हणून तिने आणि जावयाने दोन खोल्या कमी असलेलं, वर भाडं जास्त असलेलं घर घेतलं होतं. लेक साडेतीन वर्षांची. सप्टेंबरात तिचं नाव ‘ज्युनियर इन्फंट्स’मध्ये, म्हणजे आपल्या छोट्या शिशूत, घालायचं होतं.

“मावशी, आम्हाला शेवटच्या गटात टाकलंय.”

मला वाटलं, तिथेही काही आरक्षणाची भानगड असेल. तिने शाळेचं प्रवेश धोरण वाचून दाखवलं. आधी ज्यांची भावंडं शाळेत आहेत अशी पॅरिशमधली, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतली, कॅथलिक मुलं, मग पॅरिशमधली बाकीची कॅथलिक मुलं, मग पॅरिशबाहेरची कॅथलिक मुलं, आणि सगळ्यांत खाली ‘इतर’. अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखला जोडायचा. चार मैलांवरून गाडीने येणारं बाप्तिस्मा झालेलं मूल हिच्या आधी, आणि रस्त्यापलीकडे राहणारी ही नंतर. शाळा खासगी नव्हती, फी घेणारीही नव्हती. शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून, आणि त्या तिजोरीत भाचीचाही कर दरमहा कापून जात होता.

“अगं, मग सरकारी शाळेत घाल,” मी म्हटलं. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? गाव कितीही लहान असो, झेडपीची शाळा असतेच. तिच्या भिंतीवर पाढे असतात, पटावर कुणाचीही मुलं असतात.

“तशी शाळाच नाही इथे,” ती म्हणाली.

हे मला पटेना. युरोपातला श्रीमंत देश, गुगल-फेसबुकची कार्यालयं असलेला, आणि त्यात सरकारी प्राथमिक शाळा नाही? पुढची काही वर्षं मी या एका वाक्याचा माग काढत राहिले. वाक्य जवळजवळ खरं निघालं.

आयर्लंडमध्ये सुमारे ३,१०० प्राथमिक शाळा आहेत. दर दहांतल्या जवळपास नऊ शाळांचा ‘पॅट्रन’ कॅथलिक चर्च, म्हणजे प्रत्यक्षात त्या भागाचा बिशप. उरलेल्यांत प्रॉटेस्टंट ‘चर्च ऑफ आयर्लंड’च्या शाळा, एखाद-दुसरी मुस्लिम, एक ज्यू, आणि शेवटी ज्यांना बहुधर्मी म्हणतात त्या. पॅट्रन हा शब्द मराठीत आणायला मला क्षणभरही थांबावं लागलं नाही, कारण आपल्याकडे तो प्राणी घराघरांत माहीत आहे: संस्थाचालक. पगार सरकारचा, अभ्यासक्रम सरकारचा, तपासणी सरकारची, पण शाळा संस्थेची. आपल्या अनुदानित हायस्कुलांचं जे आहे तेच त्यांच्या पहिलीचं आहे. फरक एवढाच की आपल्याकडे शिक्षण संस्था डझनांनी आहेत, कुणाला एकीने नाकारलं तर दुसरी आहे, आणि खाली झेडपीची, नगरपालिकेची जाळी पसरलेली आहे. तिथे ती जाळी नव्हतीच, आणि संस्था जवळजवळ एकच.

हे कुठून आलं, याचं उत्तर देताना बिशपांना सरसकट खलनायक करणं सोपं आहे. पण अठराव्या शतकात इंग्रजी कायद्यांनी आयर्लंडमधल्या कॅथलिकांना शाळा चालवायला बंदी केली होती. मुलं कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात, ओढ्याकाठी चोरून शिकत. ‘हेज स्कूल’ हे नाव तिथूनच आलं. ज्या समाजाने शाळा अशी लपवून जगवली, त्याला ‘आमची शाळा’ या शब्दांची किंमत वेगळी असते. म्हणून १८३१ साली मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्लीने राष्ट्रीय शाळांची योजना मांडली, तेव्हा तिचं पुढे काय होणार हे बरंचसं ठरलेलं होतं. योजना कागदावर सुंदर होती: सगळ्या पंथांची मुलं लिहा-वाचायला एकत्र, धर्मशिक्षण मात्र वेगळं. ती प्रेस्बिटेरियनांना पटली नाही. चर्च ऑफ आयर्लंडने १८३९ मध्ये स्वतःची वेगळी शिक्षण संस्थाच काढली. कॅथलिक बिशपही पुढे कडक झाले. एकत्र शिकण्यासाठी काढलेल्या शाळा शतक संपेपर्यंत पंथवार वाटल्या गेल्या.

१९३७ च्या आयरिश घटनेतलं ४२ वं कलम वाचताना मला आपल्या वकिलांची आठवण झाली. सरकारने मोफत प्राथमिक शिक्षण ‘द्यावं’ असं तिथे लिहिलेलं नाही. त्याची ‘तजवीज करावी’ असं आहे. या एका शब्दावर पुढची ऐंशी वर्षं उभी आहेत. तजवीज करणं म्हणजे पैसे देणं. शाळा बांधणं, चालवणं, फाटक कुणासाठी उघडायचं ते ठरवणं, हे दुसऱ्याकडे. त्याच घटनेचं ४४ वं कलम सांगतं की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत कुठल्याही मुलाला धर्मशिक्षणाला न बसता शिकायचा हक्क आहे. हक्क मोठा आहे. पण तो वापरायला आधी वर्गात शिरता आलं पाहिजे, आणि २००० च्या समान दर्जा कायद्याने धार्मिक शाळांना आपल्या धर्माच्या मुलांना आधी घ्यायची उघड मुभा दिली. आयरिश लोक याला ‘बॅप्टिझम बॅरियर’ म्हणू लागले. बाप्तिस्म्याचा अडसर.

अडसर सगळीकडे लागत नव्हता, हेही सांगायला हवं. सरकारच्या अंदाजाने पाचांतल्या चार शाळांत येईल त्या प्रत्येकाला जागा मिळत होती. खेड्यात पट टिकवायची मारामार, तिथे दाखला कोण मागतो! गाठ बसायची ती डब्लिनच्या वाढत्या उपनगरांत, आणि राहायला आलेली नवी माणसं नेमकी तिथेच होती. डब्लिनच्या उत्तरेला बाल्ब्रिगन नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. २००७ च्या सप्टेंबरात तिथल्या कॅथलिक शाळा भरल्या आणि बाहेर उरलेल्या मुलांसाठी घाईघाईने एक नवी शाळा उघडावी लागली. पहिल्या दिवशी वर्गात पाहिलं तर मुलं जवळजवळ सगळी आफ्रिकी आईबापांची. ‘काळ्यांची वेगळी शाळा’ कुणी ठरवून काढली नव्हती. नियम धर्माचा होता, पण त्याच्या चाळणीतून रंग गाळला गेला. हे चित्र जगभर छापून आलं आणि आयर्लंड ओशाळला.

मग लोक काय करत? जे आपणही केलं असतं ते. चर्चची पायरी वर्षानुवर्षं न चढलेली आयरिश जोडपी दाखल्यापुरता बाप्तिस्मा उरकून घेत, आजी खूश आणि शाळाही पक्की. प्रामाणिक पाद्र्यांनाही हे खुपे, कारण संस्काराचा रेशनकार्डासारखा वापर चालला होता. भाचीला तिच्या शेजारणीने अगदी मायेने सुचवलं, “थोडं पाणीच तर डोक्यावर.” भाची हसली, पण रात्री तिला झोप आली नाही.

मला मात्र १८४३ ची मुंबई आठवली. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडून परत आला. त्याला जातीत घ्यायचं की नाही यावर शहर पेटलं, बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या बाजूने उभं राहून शिव्या खाल्ल्या. शाळेत घातलं तर पोरगं बाटेल, ही आपल्या पणज्यांची भीती. पावणेदोनशे वर्षांनी त्यांच्याच पणतीला सांगत होते की पोरीला बाटवलं नाहीस तर शाळा मिळायची नाही.

२०१४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दोन बसथांबे पलीकडच्या एका कॅथलिक शाळेत एक जागा रिकामी झाली आणि ती भाचीच्या लेकीला मिळाली. खिडकीतून दिसणारं फाटक राहिलं बाजूला.

आणि खरी गोष्ट इथे सुरू होते, कारण अडसराची चर्चा सगळी फाटकापाशी झाली. आत काय होतं, यावर कॅमेरे गेले नाहीत.

१९६५ च्या शाळा नियमावलीत धर्मशिक्षण हा सगळ्यांत मूलभूत विषय ठरवला होता आणि धर्माच्या भावनेने शाळेचं सगळं काम भारलेलं असावं अशी अपेक्षा होती. तो नियम २०१६ च्या जानेवारीत मंत्री जॅन ओसलिव्हन यांनी रद्द केला. पण वेळापत्रक जिथल्या तिथे राहिलं: रोज अर्धा तास, आठवड्याला अडीच. शिवाय सकाळची प्रार्थना, डबा उघडण्याआधीची प्रार्थना, नाताळचा येशूजन्म. दुसरीच्या वर्षात पहिलं कम्युनियन आणि त्याआधीचं पापनिवेदन. सहावीत दृढीकरण. या संस्कारांची तयारी होते ती शाळेच्या तासांत, वर्गशिक्षिकेकडून.

वसईच्या एका कॅथलिक मैत्रिणीला मी हे सांगितलं तर तिला नवल वाटलं. तिची मुलं रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चमध्ये धर्मशिक्षणाला बसत, शाळेचा त्यात संबंध नव्हता. आणि आपल्यातली जी हजारो मुलं कॉन्व्हेंटात शिकली, त्यांना कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला उठून गेली की ‘मॉरल सायन्स’चा तास असे. म्हणून आपल्याला आयरिश आईबापांची तक्रार आधी किरकोळ वाटते. समजा, दुसरीतल्या सगळ्या मुलांची मुंज एकाच महिन्यात आहे आणि बाई वर्षभर रोज अर्धा तास संध्या घोकून घेताहेत. तुमची लेक शेवटच्या बाकावर चित्र रंगवते आहे. ती बाहेर जाऊ शकत नाही, कारण तिच्याकडे बघायला दुसऱ्या बाई नाहीत. कान बंद करता येत नाहीत. मार्चपर्यंत तिला सगळं पाठ झालेलं असतं, कारण मुलांची स्मरणशक्ती कुठल्या धर्माची नसते.

भाचीच्या लेकीचं हेच झालं. २०१८ च्या वसंतात आई कणीक मळत असताना ती ओट्याला टेकून ‘हेल मेरी’ ही प्रार्थना घडाघडा म्हणाली आणि विचारलं, “चुकलं का कुठे?”

त्या वर्षी आयर्लंड बरंच हललं. २५ मे रोजी गर्भपातबंदीचं कलम सार्वमताने गेलं. गर्भपात नाकारल्यावर तिथल्या रुग्णालयात दगावलेल्या बेळगावच्या सविता हलप्पनवारचा फोटो भिंतीवर चिकटवून लोक रडले. पंतप्रधान होते लिओ वराडकर, म्हणजे मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉक्टरांचा डब्लिनमध्ये जन्मलेला मुलगा, जो स्वतः ब्लँचर्ड्सटाउनच्या कॅथलिक प्राथमिक शाळेत शिकला होता. त्यांचेच शिक्षणमंत्री रिचर्ड ब्रुटन यांनी आणलेला शाळा प्रवेश कायदा जुलैत झाला आणि ऑक्टोबरपासून कॅथलिक शाळांना बाप्तिस्मा पाहून क्रम लावायला मनाई आली. अल्पसंख्य पंथांच्या शाळांना सवलत राहिली. ‘आधी अर्ज त्याला आधी जागा’ हीही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद ठरली. बहुधर्मी शाळांसाठी लोक मूल जन्मल्याबरोबर नाव नोंदवत, त्यामुळे परदेशातून आलेल्यांचा नंबर कायम शेपटाला असे.

धर्मशिक्षण नको असलेल्या मुलांसाठी काय व्यवस्था, हे शाळेने धोरणात लिहावं असंही कायदा सांगतो. पण काय व्यवस्था असावी ते सांगत नाही. बऱ्याच शाळा लिहितात की पालकांनी मुख्याध्यापकांना भेटावं. भेटल्यावर तोच शेवटचा बाक.

मग दुसऱ्या शाळा? १९७५ मध्ये डब्लिनजवळच्या डॉकीत काही पालक एकत्र आले आणि १९७८ ला त्यांची स्वतःची शाळा उघडली. त्यातून १९८४ मध्ये ‘एज्युकेट टुगेदर’ ही संस्था झाली. तिच्या शाळांत सगळ्या धर्मांची माहिती देतात. संस्कारांची तयारी कुणाला हवी असेल तर शाळा सुटल्यावर. काटेकोर पाहिलं तर ही शाळा सर्वधर्मी आहे, निधर्मी नव्हे. नास्तिक आईबापांतले काही त्यावरही कुरकुरतात, मला ती कुरकुर फार वजनाची वाटत नाही. आणि २००८ मध्ये पश्चिम डब्लिनमध्ये ‘कम्युनिटी नॅशनल स्कूल’ सुरू झाल्या, ज्या आता स्थानिक शिक्षण मंडळं चालवतात. वाचता वाचता मी थांबलेच. ही तर झेडपीची शाळा! स्वतंत्र झाल्यावर आयर्लंडला ती मिळायला शहाऐंशी वर्षं लागली.

नव्या शाळा नव्या वस्त्यांत निघतात. जुन्या गावात पोरं तेवढीच, इमारत एकच आणि जमीन धर्मप्रांताची. तिथे असलेल्या शाळेचा चालक बदलावा लागतो. मंत्री रुआरी क्विन यांनी त्यासाठी प्रा. जॉन कूलहन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २०१२ मध्ये अहवाल आला, पुढे ४३ भागांत पालकांची मतं घेतली आणि २८ भागांत बदलाची मागणी दिसली. प्रत्यक्षात शाळा बदलल्या त्या हाताच्या बोटांवर. मोघमपणे विचारलं तर सगळ्यांना पर्याय हवा असतो; ‘तुमची शाळा बदलू का’ म्हटलं की पालकसभा भरते. २०१९ मध्ये उत्तर डब्लिनमध्ये तर नाताळसुद्धा बंद होईल अशा पत्रांनी पालकांना घाबरवलं गेलं. सरकारने २०३० पर्यंत ४०० बहुधर्मी शाळांचं लक्ष्य ठेवलं होतं. २०२२ च्या जनगणनेत कॅथलिक ६९ टक्क्यांवर आले, सव्वासात लाखांहून अधिक लोकांनी ‘धर्म नाही’ लिहिलं. शाळांच्या पाट्या मात्र त्या वेगाने बदलत नाहीत.

भाचीचा मुलगा २०२० मध्ये कम्युनिटी नॅशनल स्कूलमध्ये गेला. लेक जुन्या शाळेतच राहिली, मैत्रिणी होत्या म्हणून.

तिच्या वर्गाचं कम्युनियन मे २०१८ मधल्या एका शनिवारी झालं. मुलींना पांढरे झगे, ओढण्या, पाकिटांत युरो, घराघरांच्या मागे फुगवलेले ‘बाउन्सी कॅसल’. शेवटच्या बाकावरच्या मुलीचा गळा चांगला, म्हणून बाईंनी विचारलं, गायला येतेस का? भाचीने रात्रभर विचार केला, मग हो म्हटलं. व्हिडिओ माझ्याकडे आहे. समूहगीताच्या रांगेत ती डावीकडून तिसरी, शाळेच्या निळ्या स्वेटरमध्ये. सगळे ओळीने वेदीकडे निघतात, ती जागेवर उभी राहून गाते, आणि मध्येच कॅमेऱ्याकडे बघून आई दिसते का ते शोधते.