‘प्रॉमिस’ : वचन की हुंडी?

पारिभाषिक संज्ञेचा अनुवाद करताना कोशातील पहिला प्रतिशब्द उचलला की काम भागले, असा एक समज रूढ आहे. संगणकशास्त्रातील ‘प्रॉमिस’ ही संज्ञा या समजाची चांगलीच परीक्षा घेते. कोशाप्रमाणे तिचा प्रतिशब्द ‘वचन’ असा होईल. परंतु ‘वचन’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंसमोर हरिश्चंद्र, दशरथ आणि भीष्म उभे राहतात. वचनाबरोबर वचन देणारी व्यक्ती येते, तिचे सत्त्व येते आणि त्या सत्त्वाची कसोटीही येते. संगणकाच्या व्यवहारात यांपैकी काहीच नसते. तेव्हा ही संज्ञा तेथे नेमके कोणते कार्य करते, हे प्रथम पाहिले पाहिजे. ते समजून घेण्यास जबलपूरसारख्या शहराच्या जुन्या पेढ्यांची व्यवहारभाषा विशेष उपयोगी पडते.

सामान्य प्रोग्रॅम ओळीने चालतो. एक आज्ञा पुरी झाल्यावर दुसरी हाती घेतली जाते. परंतु एखाद्या आज्ञेला दूरच्या संगणकाकडून माहिती आणावयाची असेल, तर हा क्रम महागात पडतो. आजचा प्रोसेसर एका सेकंदात अब्जावधी प्राथमिक क्रिया करतो. उत्तर येण्यास सेकंदाचा विसावा हिस्सा लागला, तरी तेवढ्या अवधीत ज्या कोट्यवधी क्रिया होऊ शकल्या असत्या त्या नुसत्या वाट पाहण्यात जातात. यावर उपाय एकच : काम दुसऱ्यावर सोपवावे आणि उत्तरासाठी न थांबता पुढे जावे. यालाच असमकालिक कार्यपद्धती म्हणतात. मात्र पुढे जाताना येणाऱ्या उत्तराच्या जागी काहीतरी हाती असावे लागते. अद्याप अस्तित्वात न आलेल्या मूल्याच्या जागी आज बाळगता येईल, दुसऱ्याच्या हवाली करता येईल अशी ही वस्तू म्हणजेच प्रॉमिस.

ही संज्ञा डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी १९७६ मध्ये योजिली. १९७७ मध्ये हेन्री बेकर व कार्ल ह्यूइट यांनी तिच्याशी समांतर अशी ‘फ्यूचर’ ही संज्ञा वापरली. १९८८ मध्ये बार्बरा लिस्कॉव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी ‘आर्गस’ या भाषेच्या संदर्भात प्रॉमिसची जी मांडणी केली, तिच्यात दोन गोष्टींवर भर होता : येणारे मूल्य कोणत्या प्रकारचे असेल हे आधीच ठरलेले असावे, आणि मूल्य आलेच नाही तर त्याचे कारण मागणाऱ्यापर्यंत पोचावे. मूल्य मागण्याच्या क्रियेला त्यांनी ‘क्लेम’ असे नाव दिले. म्हणजे वस्तू हाती ठेवून योग्य वेळी दावा सांगावयाचा. येथे वचनापेक्षा सावकारी व्यवहाराची भाषा अधिक जवळची आहे, हे ध्यानात येते.

जबलपूर १७८१ पासून १८१७ पर्यंत मराठ्यांच्या अमलाखाली होते. प्रथम सागरकरांच्या आणि १७९८ पासून नागपूरकर भोसल्यांच्या. पुढे एकोणिसाव्या शतकात राजा गोकुळदासांच्या सावकारी पेढीने या शहराला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. अशा पेढ्यांच्या व्यवहाराचा कणा म्हणजे हुंडी. समजा, जबलपूरच्या एका व्यापाऱ्यास पुण्यास रक्कम पोचती करावयाची आहे. तो येथील पेढीवर पैसे भरून पुण्याच्या पेढीवरील हुंडी घेतो आणि हुंडणावळ देतो. त्या क्षणी पुण्यात पैसे हलत नाहीत. तरी हुंडी हाती असल्यामुळे व्यापाऱ्याचे पुढील व्यवहार अडून राहत नाहीत. ती तो दुसऱ्याच्या स्वाधीनही करू शकतो. दर्शनी असेल तर दाखविताच, मुदती असेल तर मुदत भरल्यावर ती वटते.

२०११ मध्ये सी प्लस प्लस या भाषेच्या प्रमाणित रूपात जी व्यवस्था आली, तिची घडण याच्याशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. तेथे एकाच व्यवहाराची दोन टोके वेगळी केली आहेत. ज्याने मूल्य भरावयाचे त्याच्या हाती ‘प्रॉमिस’ असते. ज्याला ते मिळावयाचे त्याच्या हाती ‘फ्यूचर’ असते. पहिले टोक पुण्याच्या पेढीवरील देण्यासारखे, दुसरे व्यापाऱ्याच्या हातातील कागदासारखे. मूल्य येण्यापूर्वी ते मागितले, तर मागणाऱ्याला थांबावे लागते. मूल्य एकदा भरले की पुन्हा भरता येत नाही. तसा प्रयत्न झाल्यास तो दोष ठरतो. सकारून चुकती झालेली हुंडी जसा नुसता खोका होऊन राहते, तसेच हे आहे.

सी प्लस प्लस ही कंपाइल होणारी भाषा आहे, याचेही येथे महत्त्व आहे. प्रोग्रॅम चालण्यापूर्वी कंपाइलर त्याची संपूर्ण संहिता तपासून तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. पूर्णांकाचे प्रॉमिस असेल, तर तेथे मजकूर भरता येत नाही. चूक लिहितानाच पकडली जाते. जुन्या हुंडीत रकमेबरोबर तिची निम्मी रक्कम लिहून ‘त्याचे दुप्पट’ असा खुलासा करीत, तोही लेखातच दोष राहू नये म्हणून. परंतु मुनीम कागद तपासू शकतो. दूरच्या पेढीची पत तपासू शकत नाही. कंपाइलरचेही तसेच आहे. मूल्याचा प्रकार तो पारखतो, मूल्य येईलच याची हमी देत नाही.

म्हणूनच हुंडीच्या शास्त्रात न वटण्याची तरतूद असे. हुंडी नाकारली गेली तर पुढे काय, हरवली तर पेंठ, तीही हरवली तर परपेंठ, हे सारे रूढीने ठरलेले होते. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील अशा लेखांविषयीच्या स्थानिक रूढींना सामान्यतः बाध आणलेला नाही. सी प्लस प्लसमध्येही मूल्याऐवजी अपयशाचे कारण पाठविता येते. आणि मूल्य न भरताच प्रॉमिस नष्ट झाले, तर मागणाऱ्याला ‘ब्रोकन प्रॉमिस’ या नावाचा दोष कळविला जातो. साम्याला मर्यादा अर्थातच आहेत. फ्यूचरला बाजारभाव नाही आणि पेंठही नाही. अनेकांना तेच मूल्य हवे असल्यास त्यासाठी ‘शेअर्ड फ्यूचर’ हा निराळा प्रकार योजावा लागतो.

नरसी मेहत्यांच्या हुंडीची कथा येथे आठवणे स्वाभाविक आहे. सतराव्या शतकात प्रेमानंदाने गुजरातीत तिच्यावर आख्यान रचले. १७६२ मध्ये महीपतीने ‘भक्तविजया’त नरसींचे चरित्र मराठीत आणले. नरसी द्वारकेच्या शामळशा शेटवर हुंडी लिहितात आणि यात्रेकरू ती घेऊन निघतात. तेथे पेढी आहे की नाही, हे यात्रेकरूंना ठाऊक नाही. कथेतला सारा ताण हुंडी नाकारली जाण्याच्या शक्यतेत आहे. हरिश्चंद्राच्या कथेत ताण वेगळा : तेथे वचन मोडणे हा पर्यायच नाही, ते पाळताना किती सोसावे लागेल, एवढाच प्रश्न उरतो.

या भेदात प्रतिशब्दाचा निर्णय आहे. ‘वचन’ हा शब्द शिकणाऱ्याला असे सुचवितो की मूल्य येणारच. मग अपयशाची वाट लिहून ठेवण्याची त्याला गरज भासत नाही. असमकालिक प्रोग्रॅममधील फार मोठे दोष नेमके याच गाफिलीतून उद्भवतात. ‘हुंडी’ ही संकल्पना मात्र वटणे आणि न वटणे या दोहोंची आठवण एकदमच देते. ‘प्रॉमिस’ हा शब्द तसाच ठेवावयाचा असला, तरी त्याच्या क्रियापदांसाठी सकारणे, नाकारणे, वटविणे हे शब्द मराठीत सिद्ध आहेत. परिभाषा घडविणाऱ्यांनी संस्कृत धातूंकडे वळण्यापूर्वी पेढीच्या वह्याही एकदा उघडून पाहाव्यात.