स्मृतीतील मजकुराचे संक्षेपण : 'झेडलिब' लायब्ररीचा उपयोग

प्रस्तावना :
संगणकाच्या स्मृतीत देवनागरी मजकूर रोमन मजकुरापेक्षा अधिक जागा व्यापतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षरास १ बाइट पुरतो. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा वा हलन्तचिन्ह यांस मात्र ३ बाइट लागतात. 'महाराष्ट्र' या शब्दात अशी १० चिन्हे असल्याने तो ३० बाइट व्यापतो. त्यामुळे शब्दकोशासारखा मोठा मजकूर स्मृतीत ठेवताना संक्षेपणाची गरज भासते.

संक्षेपणाचे तत्त्व :
जाँ-लू गायी व मार्क अ‍ॅडलर यांची 'झेडलिब' ही सी भाषेतील लायब्ररी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील 'डिफ्लेट' पद्धती दोन कल्पनांवर आधारलेली आहे. लेम्पेल व झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार, मागील ३२ किलोबाइटमध्ये येऊन गेलेला भाग पुन्हा न लिहिता तो किती मागे व किती लांब आहे, एवढेच नोंदले जाते. त्यानंतर हफमन यांच्या १९५२ च्या पद्धतीने वारंवार येणाऱ्या मूल्यांना आखूड संकेत दिले जातात. देवनागरी चिन्हांचे पहिले दोन बाइट दोनच ठरावीक जोड्यांपैकी एक असतात. ही पुनरावृत्ती संक्षेपणास उपकारक ठरते.

कार्यपद्धती :
प्रथम 'कॉम्प्रेसबाउंड' या फलनाने जास्तीत जास्त किती जागा लागेल हे काढून तेवढी स्मृती राखून ठेवावी व नंतर 'कॉम्प्रेस' वापरावे. मूळ मजकूर 'अनकॉम्प्रेस' या फलनाने परत मिळतो. मात्र संक्षेपित रूपात मूळ मजकुराची लांबी नोंदलेली नसते. ती स्वतंत्रपणे जपावी लागते. राखलेली जागा अपुरी पडल्यास फलन त्रुटी-संकेत देते. त्याकडे दुर्लक्ष केल्यास अपुरा मजकूरच पूर्ण समजला जाण्याचा धोका संभवतो.

मर्यादा :
प्रत्येक संक्षेपित खंडास आरंभी २ बाइटची ओळख व शेवटी ४ बाइटची पडताळणी-बेरीज जोडली जाते. त्यामुळे एकेक शब्द वेगळा संक्षेपित केल्यास तो लहान होण्याऐवजी मोठाही होऊ शकतो. अनेक नोंदी एकत्र केल्यास बचत वाढते. परंतु त्यांपैकी एक नोंद वाचण्यासाठी तो गट आरंभापासून उलगडावा लागतो.

निष्कर्ष :
संक्षेपणात जागेची बचत प्रक्रियेच्या वेळेच्या मोबदल्यात होते. म्हणून नोंदींचे गट फार लहान वा फार मोठे न ठेवता, मजकूर किती वेळा वाचला जाणार आहे हे पाहून त्यांचा आकार ठरविणे श्रेयस्कर ठरते.