विजेचा वापर तोच, वेळ वेगळी

विजेचे मीटर युनिट मोजते. ते युनिट तयार होताना किती कार्बन हवेत गेला, हे त्याला कळत नाही. ब्रिटनमध्ये हा हिशेब २०१७ पासून उघड मांडला जातो. पवनचक्क्या, अणुभट्ट्या आणि नैसर्गिक वायूची केंद्रे यांपैकी कोण किती वीज देत आहे, यावरून एका युनिटमागे सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा तिथली ग्रीड-संचालक संस्था दर अर्ध्या तासासाठी, विभागवार आणि विनामूल्य जाहीर करते. पुढच्या दोन दिवसांचा अंदाजही देते. जोराच्या वाऱ्यात हा आकडा ५० ग्रॅमच्या खाली उतरतो, वारा पडलेल्या हिवाळी संध्याकाळी २०० च्या वर जातो. वापर तेवढाच ठेवूनही नुसती वेळ बदलून उत्सर्जन घटवण्याची वाट इथे दिसते. पण अर्ध्या-अर्ध्या तासाला आकडे पाहून बटणे दाबायला सवड कोणाला आहे? ते काम यंत्राकडेच हवे. ॲपलने २०२२ मध्ये अमेरिकेतील आयफोनच्या चार्जिंगसाठी अशी सोय दिली. होम असिस्टंटसारख्या मोफत प्रणालीतून घरातले स्मार्ट प्लगही या आकड्यांना जोडता येतात.

जोडायचे मात्र कशाला, हे आधी ठरवायला हवे. फोन वर्षभरात जेमतेम काही युनिट घेतो. विजेवरची मोटार एका रात्रीत तीस-चाळीस युनिट घेऊ शकते, आणि तिला सकाळपर्यंतची सवड असते. दिव्याला किंवा शेगडीला ती नसते. म्हणून भरपूर वीज लागणारी, तरी थांबवलेली चालणारी उपकरणे, म्हणजे मोटारीचा चार्जर किंवा पाणी तापवणारी टाकी, यांच्यापुरतेच हे स्वयंचलन मोलाचे. बाकी सगळी हौस.

यावर गंभीर आक्षेप असा, की हा आकडा सरासरीचा आहे. सरासरी स्वच्छ दिसत असतानाही आपल्या जादा मागणीसाठी वायूचे केंद्रच अधिक चालवले जाऊ शकते. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच विभागवार आकडे महत्त्वाचे. स्कॉटलंडमध्ये वारा जोरात असतो तेव्हा दक्षिणेकडे जाणाऱ्या वीजवाहिन्या अपुऱ्या पडतात आणि भरपाई देऊन पवनचक्क्या थांबवाव्या लागतात. त्या तासांत तिथे वाढवलेला वापर वाया जाणारी वीज कामी आणतो. लंडनमध्ये वाढवलेल्या वापराने ते साधत नाही. दुसरी भीती सगळी यंत्रे एकदम सुरू होण्याची. ब्रिटनमध्ये २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नवे घरगुती चार्जर दहा मिनिटांपर्यंत मागेपुढे सुरू होतात, ते त्यासाठीच. अर्थात या स्वयंचलनाला फार श्रेय देऊ नये: ब्रिटनचे शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले, ते काही स्मार्ट प्लगमुळे नव्हे; कार्बनवरील आकारणी, वायू आणि पवनऊर्जेमुळे. पण पवनऊर्जेचा वाटा जितका वाढेल, तितकी वारा नसतानाची तूट भरून काढणे अवघड होईल. तेव्हा थांबू शकणारी मागणी ही जादा वायू जाळण्यापेक्षा स्वस्त सोय ठरू शकते.